बोटीवर थर्मो कोण विचारतंय?

पत्र : सर, मी चिपळूणजवळच्या गावचा. मेकॅनिकलची डिग्री रडतखडत पूर्ण केली. थर्मोला (थर्मोडायनॅमिक्सला) दोनदा केटी लागली, फ्लुइड मेकॅनिक्स काठावर सुटला. आता बाबांनी कर्ज काढून मला जीएमईला, म्हणजे पदवीधरांच्या मरीन इंजिनिअरिंगच्या कोर्सला, घातलंय. वर्गात क्लास फोरच्या, म्हणजे बोटीवरच्या इंजिनिअरच्या पहिल्या सरकारी परीक्षेच्या, ओरलच्या पीडीएफ फिरतात आणि सगळे त्याच पाठ करतात. गावातला एक सिनिअर बोटीवर फोर्थ इंजिनिअर आहे. तो म्हणतो, ‘बोटीवर थर्मो कोण विचारतंय? पाना धरता आला की झालं.’ इथले सर मात्र म्हणतात, पाया कच्चा राहिला तर पुढे अडकशील. नेमकं सायन्स किती लागतं? माझं राहिलेलं सहा महिन्यांत भरून निघेल का, की मी चुकीच्या धंद्यात आलोय? आणि जाताना कोणती पुस्तकं न्यावीत?
– एक शिकाऊ इंजिनिअर, जि. रत्नागिरी

उत्तर :

तुझा सिनिअर अर्धं खरं बोलतोय. रात्री तीन वाजता जनरेटर ट्रिप झाला, तर कार्नो सायकलची सिद्धता कुणी विचारणार नाही. एन्ट्रॉपीची व्याख्या धड न सांगता येणारे, पण इंजिन रूम झकास सांभाळणारे सेकंड इंजिनिअर मी पाहिलेत. व्याख्या येत नव्हती, तरी उष्णता कुठून निघते, कुठे जाते आणि कुठे अडते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. राहिला पाना. तो धरायला बोटीवर फिटर असतो आणि तो तुझ्यापेक्षा कितीतरी सफाईने धरतो. कुठला नट खोलायचा आणि कुठल्याला हातही लावायचा नाही, हे ठरवायला इंजिनिअर लागतो.

किती सायन्स लागतं हे तसं कागदावर ठरलेलं आहे. एसटीसीडब्ल्यू हा दर्यावर्दींच्या प्रशिक्षणाचा आणि प्रमाणपत्रांचा १९७८ चा आंतरराष्ट्रीय करार, त्यात २०१० साली मनिलामध्ये मोठ्या दुरुस्त्या झाल्या. ७५० किलोवॅट आणि त्यावरच्या इंजिनाच्या जहाजावर वॉच (पाळी) सांभाळणाऱ्या इंजिनिअरला काय काय यायला हवं, त्याचा तक्ता त्यात आहे. आयएमओ या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा ७.०४ क्रमांकाचा मॉडेल कोर्स त्यावरच बेतलेला. एकदा चाळून बघ. थर्मोडायनॅमिक्स, मेकॅनिकल सायन्स, इंडस्ट्रियल केमिस्ट्री, इलेक्ट्रोटेक्नॉलॉजी अशी नावं वाचून धडकी भरेल, पण बहुतेक भाग बारावी आणि डिग्रीच्या पहिल्या दोन वर्षांच्या पलीकडे जात नाही. म्हणजे तुला नवीन फारसं शिकायचं नाहीये. परीक्षेपुरतं वाचून जे सोडून दिलंस, ते परत उचलायचंय.

आता तक्त्यात नसलेली गोष्ट. बोटीवरचं सायन्स लॉगबुकात असतं. वॉचवर तू पन्नास-साठ आकडे उतरवशील. प्रेशर, तापमान, लेव्हल, करंट. नवी पोरं ते वाण्याच्या वहीतल्या उधारीसारखे उतरवतात, एकाखाली एक. यातले कुठलेही दोन आकडे घे आणि त्यांचं नातं सांग. ते सांगता आलं की तुझा थर्मो झाला.

सुरुवात प्रेशरपासून कर, सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. बॉयलरचा गेज ६ बार दाखवतोय. तू स्टीम टेबलमध्ये, म्हणजे कुठल्या प्रेशरला पाणी किती अंशांना उकळतं त्या तक्त्यात, ६ बघतोस, तिथे १५९ अंश. पण टेबल अ‍ॅब्सोल्यूट प्रेशरचं, म्हणजे हवेचा साधारण १ बार दाब धरून, असतं, म्हणून बघायला हवं ७ आणि तिथे १६५. बॉयलरवर सहा अंशांच्या फरकाने आभाळ कोसळत नाही. खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करणाऱ्या फ्रेश वॉटर जनरेटरपाशी आलास की मात्र अ‍ॅब्सोल्यूट प्रेशर कळल्याशिवाय काहीच कळत नाही. आत ९० टक्के व्हॅक्यूम म्हणजे ०.१ बार अ‍ॅब्सोल्यूट, आणि तिथे पाणी ४६ अंशांना उकळतं. म्हणून तर इंजिनाच्या जॅकेटमधलं, म्हणजे सिलिंडर थंड ठेवायला त्यांच्याभोवती फिरणारं, ८० अंशांचं पाणी खाऱ्या पाण्याची वाफ करू शकतं. दिवसाला २० टन गोडं पाणी हवं असेल, तर किती उष्णता लागेल? २०,००० किलो गुणिले साधारण २,३९० किलोज्यूल, भागिले दिवसाचे ८६,४०० सेकंद. साडेपाचशे किलोवॅटच्या आसपास. ही उष्णता नाहीतरी समुद्रातच जाणार होती. जॅकेटचं पाणी त्यात १० अंशांनी थंड होत असेल, तर तासाला सुमारे ४८ टन पाणी फ्रेश वॉटर जनरेटरमधून फिरायला हवं. हे गणित तुझ्या बोटीचे आकडे घालून एकदा हाताने कर. मग आखातात ३२ अंशांच्या समुद्रात प्रॉडक्शन का पडतं, हे कुणाला विचारावं लागणार नाही. कंडेन्सर पुरेसा थंड राहत नाही, व्हॅक्यूम उतरतो, उत्कलनबिंदू चढतो आणि जॅकेटच्या पाण्याशी असलेला फरक आक्रसतो.

आता प्युरिफायर, म्हणजे तेल गरगर फिरवून त्यातलं पाणी आणि घाण वेगळं काढणारं मशीन. त्यावर जरा रेंगाळू, कारण ज्युनिअरचा अर्धा जन्म त्याच खोलीत जातो. हेवी फ्युएल ९८ अंशांपर्यंत तापवून प्युरिफायरला देतात, हे तुझ्या पीडीएफमध्ये असेलच. का देतात? जास्तीत जास्त ९९१ (किलो प्रति घनमीटर) घनतेचं तेल साध्या प्युरिफायरला चालतं. ही घनता १५ अंशांची, आणि १५ अंशांना पाण्याची ९९९. फरक फक्त ८. आता दोन्ही ९८ अंशांना ने. पाणी ९६० वर येतं. तेल त्याहून जास्त प्रसरण पावतं, ते ९३७-३८ च्या घरात जातं. फरक झाला बावीस-तेवीस, म्हणजे जवळजवळ तिप्पट. वर व्हिस्कॉसिटी उतरते ती वेगळीच. ५० अंशांना ३८० सेंटिस्टोक असलेलं तेल १०० च्या जवळ पस्तीस-चाळीसवर येतं.

स्टोक्सचा नियम आठव. थेंब खाली बसण्याचा वेग घनतेतल्या फरकाच्या आणि थेंबाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, व्हिस्कॉसिटीच्या प्रमाणात घटतो. गुरुत्वाच्या जागी प्युरिफायरचं फिरतं भांडं, म्हणजे बाऊल, हजारो पट जोर लावतो. एवढ्या एका ओळीत प्युरिफायर संपला. कॅट फाइन्स, म्हणजे रिफायनरीतून तेलात आलेले कठीण बारीक कण, का निसटतात? व्यास निम्मा झाला की वेग चौथाई होतो. फ्लो कमी केला तर सफाई का सुधारते? कणाला बाहेर पडायला वेळ मिळतो. ओरलला परीक्षक विचारेल, “तापमान किती?” तू म्हणशील ९८. “एवढा फायदा आहे तर ११० का नको?” इथे पीडीएफवाले गप्प होतात. बाऊलमधलं पाणी उकळायला लागलं की वॉटर सील, म्हणजे तेलाला अडवून धरणारं पाण्याचं कडं, मोडतं आणि तेल पाण्याच्या वाटेने बाहेर जातं. ज्याने घनता आणि उत्कलनबिंदू एकदा शेजारीशेजारी ठेवून पाहिलेत, त्याला हे पाठ करावं लागत नाही.

दुसरी जागा स्कॅव्हेंज एअर कूलर, म्हणजे सिलिंडरमध्ये जाणारी दाबलेली हवा थंड करणारा कूलर. सिंगापूरच्या आसपास हवा ३५ अंश, आर्द्रता ८० टक्के. अशा एक किलो कोरड्या हवेबरोबर साधारण २९ ग्रॅम पाण्याची वाफ येते. टर्बोचार्जर ती हवा ३ बार अ‍ॅब्सोल्यूटला दाबतो, कूलर ४० अंशांवर आणतो. त्या दाबाला आणि तापमानाला हवेत जेमतेम १६ ग्रॅम वाफ मावते. उरलेले १३ ग्रॅम पाणी होऊन खाली पडतात. तेरा ग्रॅम म्हणजे किती, असं वाटेल. १०,००० किलोवॅटचं टू-स्ट्रोक इंजिन तासाला सुमारे ८० टन हवा ओढतं. करून बघ गुणाकार. तासाला एक टन पाणी! हे सगळं वॉटर मिस्ट कॅचर आणि ड्रेनमधून बाहेर गेलं पाहिजे. ड्रेन तुंबला तर ते पाणी हवेबरोबर सिलिंडरमध्ये जातं आणि लायनरवरचा तेलाचा थर धुऊन काढतं. म्हणून राउंडला गेलास की ड्रेनला हात लावून बघ, पाणी वाहतंय का. मलाक्काच्या सामुद्रधुनीत ड्रेन कोरडा ठणठणीत दिसला, तर खूश होऊ नकोस, फोर्थला हाक मार. कोरड्या थंड हवेच्या प्रदेशात तोच ड्रेन कोरडा असेल तर ठीक आहे. डिग्रीत सायक्रोमेट्रीचा, म्हणजे हवेतल्या ओलाव्याचा, धडा तुम्ही ऑप्शनला टाकता. या धंद्यात तो टाकता येत नाही.

फ्लुइड मेकॅनिक्सचं म्हणशील, तर एकच घटना सांगतो. २३ मार्च २०१९, नॉर्वेच्या किनाऱ्याजवळचा हुस्टाडविका हा बदनाम समुद्रपट्टा. ‘व्हायकिंग स्काय’ या प्रवासी जहाजावर तेराशेच्या वर माणसं होती. वादळात जहाज डोलत असताना ल्यूब ऑइलचं (वंगणाच्या तेलाचं) प्रेशर पडलं, इंजिनं एकामागून एक आपोआप बंद झाली आणि जहाज खडकांच्या दिशेने वाहायला लागलं. साडेचारशेहून जास्त लोकांना हेलिकॉप्टरने एकेक करून उचलावं लागलं. एखादं इंजिन कसंबसं चालू झालं, म्हणून जहाज थोडक्यात वाचलं. चौकशीत दिसलं, की संपमधलं, म्हणजे इंजिनाखालच्या टाकीतलं, तेल इंजिन बनवणाऱ्यांच्या शिफारशीपेक्षा बरंच कमी होतं. शांत समुद्रात तेवढ्या तेलावर पंप सुखाने चालला असता. अर्धी कळशी कमरेवर घेऊन विहिरीवरून घरी येणाऱ्या बाईला विचार, पाणी कसं हिंदकळतं. टाकीतलं तेल तसंच एका बाजूला गेलं आणि पंपाच्या सक्शनला हवा लागली. तिथे पंपापाशी तेलच नव्हतं, मग प्रेशर कुठून येणार? बर्नोलीचं समीकरण न लिहिताही हे समजतं. पण वादळाचा इशारा मिळाल्यावर संपची लेव्हल बघायची आणि गरज असेल तर आधीच तेल भरायचं, हे त्यालाच सुचतं ज्याला सक्शनच्या तोंडावर किती हेड, म्हणजे तेलाची किती उंची, लागतं याची जाण असते.

मेकॅनिकलच्या पोरांची खरी दुखरी नस थर्मो नसतेच, इलेक्ट्रिकल असते. तू पत्रात त्याबद्दल अवाक्षर काढलेलं नाहीस, म्हणून मला जास्त काळजी वाटली. बोटीवर साधारणपणे ४४० व्होल्ट, ६० हर्ट्झ, थ्री फेज असते आणि न्यूट्रल जमिनीला, म्हणजे जहाजाच्या लोखंडी सांगाड्याला (हलला), जोडलेला नसतो. घरच्या वायरिंगच्या सवयीने बघशील तर हे विचित्र वाटेल. कारण साधं आहे. एका फेजला अर्थ फॉल्ट झाला, म्हणजे तिची वायर हलला टेकली, तरी करंटला परत यायला वाट नसते, ब्रेकर पडत नाही आणि स्टीअरिंग गिअर ऐन खाडीच्या तोंडावर बंद होत नाही. अर्थ लॅम्प असतील तर त्या फेजचा दिवा मंद होतो, बाकी दोन प्रखर होतात. पण तो फॉल्ट ‘चालतंय ना’ म्हणून तसाच ठेवला आणि दुसऱ्या फेजलाही अर्थ लागला, तर थेट शॉर्ट सर्किट. म्हणून पहिला फॉल्ट सापडेपर्यंत स्वस्थ बसायचं नाही.

चालू जनरेटरला दुसरा जोडताना, म्हणजे पॅरलल करतानाही हेच. दोघांच्या वेगातला फरक दाखवणाऱ्या सिंक्रोस्कोपचा काटा सावकाश घड्याळाच्या दिशेने फिरत असताना, बाराला थोडं कमी असताना ब्रेकर मारायचा, हे कुणीही शिकवेल. नवीन येणारं मशीन किंचित जास्त वेगात असलं, तर जोडल्या जोडल्या थोडा लोड उचलतं. उलटं असलं तर ते स्वतःच मोटर होऊन बसेल आणि रिव्हर्स पॉवरवर ट्रिप होईल. तुझ्या बोटीवरचा जनरेटर ७२० आरपीएमचा असेल, तर त्याला पोल किती? १२० गुणिले ६०, भागिले ७२०. दहा. आता वेग राखणाऱ्या गव्हर्नरने आरपीएम दोन टक्के घसरू दिला, तर फ्रिक्वेन्सी किती होईल, ते तूच काढ.

मेकॅनिक्स आणि मटेरिअल्समध्ये तुझी डिग्री पुरेशी आहे, फक्त जिथे लागू होते ती जागा ओळख. मोठे बोल्ट टॉर्कने न आवळता हायड्रॉलिक जॅकने ताणून का बसवतात? टॉर्कचा बहुतेक भाग घर्षणातच जातो, बोल्टला प्रत्यक्ष ताण त्यातला थोडासाच मिळतो. क्रँकशाफ्टचं डिफ्लेक्शन कशासाठी घेतात? बेअरिंग खाली बसलं की प्रत्येक फेऱ्याला शाफ्ट वाकतो आणि पोलाद एका झटक्यात न मोडता थकून मोडतं.

केमिस्ट्रीकडे सगळे दुर्लक्ष करतात. १ जानेवारी २०२० पासून इंधनातलं सल्फर ०.५० टक्क्यावर आलं, त्याबरोबर सिलिंडर ऑइलची क्षारता बदलावी लागली. ती कमी पडली तर आम्ल लायनर खातं, जास्त झाली तर पिस्टनवर कॅल्शियमचे थर चढतात. बॉयलर वॉटरचं पीएच आणि क्लोराइड बघणं हे ज्युनिअरच्या गळ्यात हमखास पडणारं काम. आणि क्रँककेसमधली ऑइल मिस्ट. १९४७ साली ‘रेना देल पॅसिफिको’ या जहाजाच्या ट्रायलमध्ये क्रँककेसचे स्फोट झाले, २८ जण गेले. तापलेल्या भागावर तेलाची वाफ होते, ती थंड होऊन धुकं बनतं, हवेशी ठरावीक प्रमाणात मिसळलं की पेटतं. ऑइल मिस्टचा अलार्म आल्यावर इंजिन थांबवून दार लगेच का उघडायचं नाही, हे आता तुला कळलं असेल. उघडणं म्हणजे हवा आत घालणं, आतला भाग अजून तापलेला असताना.

पीडीएफ फेकून दे असं मी म्हणणार नाही. फंक्शन तीन, चार-बी, पाच आणि सहा या चारही ओरलमध्ये काय विचारतात याचा अंदाज त्यातून येतो. त्यांचा दोष असा, की एका बॅचची चूक पुढच्या बॅचला वारशाने मिळते. मुंबईच्या एमएमडीतला (मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंटमधला) परीक्षा घेणारा सर्व्हेअर तीच उत्तरं, त्याच शब्दांत, दिवसभर ऐकत असतो. पहिला प्रश्न तो पीडीएफमधला विचारेल. दुसरा तुझ्या उत्तरातून निघतो आणि तो कुठल्याच पीडीएफमध्ये नसतो.

सहा महिन्यांत भरून निघेल का? निघेल, जर तू सगळा सिलॅबस पहिल्या पानापासून परत काढायला बसला नाहीस तर. रोज एक मशीन घे. त्याचा पाइपलाइन डायग्रॅम न बघता काढ. प्रत्येक गेजपाशी नेहमीचा आकडा लिही आणि तो तेवढाच का, याचं उत्तर दोन ओळींत मराठीत लिही. हो, मराठीतच. इंग्रजीत लिहायला बसलास की पुस्तकातलं वाक्य उतरवशील आणि कळलं नाही हे स्वतःपासूनही लपेल. ओरलची इंग्रजी नंतर घोटता येते. जिथे उत्तर अडेल, तेवढाच डिग्रीचा धडा उघड. दोन केट्या लागलेला थर्मो या वाटेने कधी झाला, तुझं तुला कळणार नाही. इलेक्ट्रिकलसाठी मात्र वेगळा वेळ काढ. कोर्समधल्या मोटरच्या स्टार्टर पॅनलचा डायग्रॅम बोट ठेवून वाचता येईपर्यंत त्या लॅबमधून हलू नकोस. इन्स्ट्रक्टर कंटाळले तरी चालेल.

चुकीच्या धंद्यात आलास का, हे केटीवरून ठरत नाही. उकाडा, आवाज आणि घरापासून महिनोन् महिने लांब राहणं सोसतं का, यावरून ठरतं आणि ते पहिल्या कॉन्ट्रॅक्टमध्येच समजेल. कर्जाची काळजी आहे म्हणून एक सांगून ठेवतो. प्लेसमेंटच्या नावाखाली पैसे मागणाऱ्या एजंटच्या नादी लागू नका. जहाज वाहतुकीचं सरकारी खातं असलेल्या डीजी शिपिंगचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना असलेल्या कंपनीला तुझ्याकडून नोकरीसाठी पैसे घेता येत नाहीत. परवाना खरा आहे की नाही, ते डीजी शिपिंगच्या साइटवर बाबांना स्वतः बघायला सांग.

पुस्तकांचं ओझं नेऊ नकोस. प्रत्येक मशीनचं मॅन्युअल बोटीवर असतं आणि कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा ते जास्त कामाचं, कारण ते तुझ्याच मशीनचं असतं. छापील स्टीम टेबल घे, साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर घे आणि बॉयलर सूटच्या खिशात मावेल अशी जाड पुठ्ठ्याची वही. पेन्सिली डझनभर ने, तेलकट हातांनी पेन चालत नाही.